मोरिता-सान हसून ‘जा’ म्हणाले

आदरणीय अध्यक्ष अरुंधतीताई, व्यासपीठावरील मान्यवर, हॅनोव्हरच्या आपल्या मराठी मंडळातील बंधुभगिनींनो, आणि मागे जर्मनमध्ये कुजबुजणाऱ्या बाळगोपाळांनो,

एकतीस वर्षांची नोकरी संपवून मी पुण्याला परत निघालो, म्हणून ही शाल. आत्ता श्रीरंगराव म्हणाले, “वासुदेवरावांनी कधी कुणाला दुखावलं नाही.” ऐकायला बरं वाटलं. पण ते खरं नाही.

आमच्या टेस्टिंग विभागात मोरिता नावाचे जपानी गृहस्थ अकरा वर्षं माझ्या शेजारी बसत. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या लेकीचं, तनयाचं, लग्न पुण्यात ठरलं. नव्या मशीनच्या चाचण्या चालू होत्या. दोघांपैकी एकाला थांबणं भागच होतं. मी म्हटलं, “मोरिता-सान, मी जाऊ ना? तुमचं काही अडत नाही ना?”

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसून किंचित वाकले. “जरूर जा. माझं काही अडत नाही.”

त्याच आठवड्यात ऑफिसचं ख्रिसमसचं जेवण होतं. फारच आग्रह झाला, तेव्हा त्यांनी आईकडून ऐकलेलं एक जुनं अंगाईगीत म्हटलं. मी अर्थ विचारला. परक्या घरी कामाला ठेवलेली मुलगी दुसऱ्याचं बाळ झोपवताना म्हणते, ‘आई, दार लावू नकोस, बर्फ थांबला की मी येते.’ एवढं सांगून ते हसले. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवून ‘वन्स मोअर’ ओरडलो!

जानेवारीत लाडू घेऊन परतलो. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, नवरीची चौकशी केली. दुपारी सेक्रेटरीबाईंकडून कळलं, नाताळातच त्यांची आई गेली. ती अत्यवस्थ असल्याचा फोन मी रजेचं विचारलं त्याच सकाळी आला होता.

मी तडक त्यांच्याकडे गेलो. “अहो, एका शब्दानं बोलायचंत! काहीतरी मार्ग काढला असता.”

“तुम्ही विचारलंत, तेव्हा फार आनंदात होता,” ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. मला ते हसू बघवेना.

मार्चमध्ये ते मायदेशी गेले. निरोप समारंभ नको म्हणाले, आणि आम्ही तेही लगेच खरं मानलं. इतकी वर्षं धीर झाला नाही. गेल्या आठवड्यात त्यांना पत्र टाकलंय. उत्तर अजून नाही.

तुम्ही सगळ्यांनी माझं इतकं कौतुक केलंत, मनापासून आभार. आज बोलताना काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. त्या डिसेंबरची क्षमा मात्र तुमच्याकडे मागून भागणार नाही.