'पावती दाखवा' हवेत सापडल्याबाबत जबाब

नाव: चोरीच्या मूळ तक्रारीत साक्षीदार म्हणून लिहिलेले आहे, तेच. ओळख: लाँड्रीवाल्या काकू. वय: छप्पन्न, सत्तावन्नावे लागले आहे, पण छप्पन्नच लिहावे. धंदा: ड्रायक्लीनिंग व इस्त्रीचे दुकान, यजमानांच्या जोडीने. राहणार: दुकानाच्या वर, पहिला मजला.

मी आपण होऊन समक्ष हजर झाले असून सांगते की, आमच्या दुकानातल्या चोरीची तक्रार गेल्या महिन्यात माझ्या यजमानांनी दिली होती. तीत त्यांनी आमच्या जावयांवर संशय घेतला आहे. तो संशय खोटा आहे. हे वाक्य सगळ्यांत आधी लिहून घ्या, असे मी म्हटले. जबाब घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काकू, क्रमाने सांगा." क्रमाने सांगते, पण ते वाक्य आहे तिथेच राहू द्यावे.

आमचे दुकान पुढून अरुंद आणि मागे लांबलचक आहे. पुढे काउंटर, मध्ये कपड्यांच्या दांड्या, मागे वाफेच्या इस्त्रीची खोली. इंटरनेटचा डबा पुढे काउंटरखाली. भिंती जाड, त्यात दांड्यांवर ओळीने टांगलेले कोट, त्यामुळे मागे काही म्हणजे काही पोचत नसे. गिऱ्हाईक आले की यजमान पावतीचा नंबर ओरडत, मी मागून "काय?" ओरडे, आणि शेवटी उठून पुढे जाई. माझे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. त्यातला निम्मा दोष या "काय?"चा आहे.

जावई वायरलेस नेटवर्क बसवण्याचे काम करतात. चांगली नोकरी सोडून हे सुरू केले म्हणून यजमानांना ते पसंत नव्हते. मीच त्यांना बोलावले. त्यांनी काउंटरखालच्या डब्यापासून छताच्या कडेने एक केबल मागे नेली आणि इस्त्रीखोलीच्या छताला एक पांढरे गोल यंत्र बसवले. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. ते उलट्या बशीसारखे दिसते, म्हणून मी त्याला बशी म्हणते आणि या जबाबात यापुढे बशीच लिहावे. बशीचा दिवा निळा झाला आणि माझ्या फोनवर मागच्या खोलीत सगळ्या रेघा भरल्या. मला इतका आनंद झाला की मी यजमानांना पुढे फोन लावला आणि म्हटले, "आता ओरडू नका, लिहा."

बशीवर दोन नेटवर्क केली. एक दुकानाचे, एक गिऱ्हाइकांचे, म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन आमच्या यंत्रांपर्यंत पोचू नयेत. नावे मी ठेवली. दुकानाचे 'पावती दाखवा' आणि गिऱ्हाइकांचे 'बसा जरा'. पहिल्या नावात आणखी एक अक्षरही मावले नसते असे जावई म्हणाले. गिऱ्हाइकांचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला आहे. कारखान्यातून आलेले नाव आणि पासवर्ड त्यांनी काढून टाकले, कारण चोर आधी तेच लावून बघतो. बटण दाबून कुणीही जोडला जातो ती सोयही बंद केली.

मग ते म्हणाले, "आई, आता दोन पासवर्ड तुम्ही टाका. एक दुकानाच्या नेटवर्कचा, एक खुद्द यंत्राचा. पहिला म्हणजे दुकानाची चावी, दुसरा गल्ल्याची." आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटले, "अहो, तुम्हीच टाका, मी काय करू यातलं?" ते भिंतीशीच बोलले, "बसवणाऱ्याकडे चावी असू नये, आई." मी दोन बोटांनी टाकत होते, वेळ लागला, पण माझे होईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही. ही गोष्ट मॅडमनी नीट लिहून घ्यावी. माझ्या मते सगळी केस यातच आहे.

चोरी त्यानंतर आठवडाभरात झाली. सकाळी दुकान उघडले तर कुलूप शाबूत आणि छताला चार भोके. बशी, तिला वीज देणारा ठोकळा, काउंटरवरचा टॅबलेट आणि एका गिऱ्हाइकाचा लांब लोकरी कोट गेला होता. शिडी जागच्या जागी ठेवलेली होती. यजमान भोकांकडे बघून म्हणाले, "ज्याने बसवली त्यानेच काढली."

त्या वेळी यजमानांचे मित्र तिथे हजर होते. त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणतात. ते कोर्टात कधी गेलेले नाहीत, पण कुणाचेही भांडण असले की निकाल तेच देतात. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहा घेतात, दोन चमचे साखर, वर आणखी अर्धा. त्यांनी शिडीला हात लावून बघितला, हनुवटी खाजवली आणि निकाल दिला, "माहितगाराचं काम आहे, वहिनी. घरातलंच माणूस आहे. वाईट वाटून घेऊ नका." मी तेव्हाच म्हटले होते की चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. माझे ऐकतो कोण.

यजमानांनी तक्रारीत जावयांचे नाव घातले आणि मुलीला निरोप दिला की नवऱ्याला दुकानाची पायरी चढू देऊ नकोस. मुलगी म्हणाली, "तो चढणार नाही तर मीही नाही." तेव्हापासून ती आलेली नाही. जावयांचा धंदाच असा की लोकांच्या घरात शिरायचे, छतावर चढायचे. बातमी फुटली आणि एका दवाखान्याने त्यांना दिलेले काम काढून घेतले, मग एका शाळेने. ज्याला सासऱ्याने चोर म्हटले त्याला कोण घरात घेणार? महिनाअखेरीस दोघेही दुसऱ्या गावी जाणार होते. सामान बांधून झाले होते. माझी एकुलती मुलगी आहे.

आज सकाळी मी गुडघ्याच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा दवाखाना आमच्यापासून बराच लांब, चपलांच्या दुकानामागच्या गल्लीत तळमजल्यावर आहे. माझ्या शेजारी हाताला पट्टा बांधलेल्या एक बाई बसल्या होत्या. फोन बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर गमतीचे दिसतात हो. वायफायचं नाव बघा काय ठेवलंय, 'बसा जरा'."

मी माझा फोन काढला. तो न विचारता जोडला गेला होता. वर नाव होते 'पावती दाखवा'. रेघा भरलेल्या. मी उभी राहिले, कशी ते माहीत नाही, कारण एरवी मला उठायला दोन माणसे लागतात. बाई म्हणाल्या, "तुमचा नंबर आला का?" मी म्हटले, "आला, आला. आज माझाच नंबर आहे."

दवाखान्यातून बाहेर आले तर रेघा कमी झाल्या. जिन्याने वर गेले तर पुन्हा भरल्या. तिथेच उभे राहून मी फोनवर बशीचे पान, म्हणजे तिला काय काय जोडलंय ते दिसतं ते, उघडले आणि गल्ल्याचा पासवर्ड टाकला. बशीने मला आत घेतले. माझीच बशी, मला नाही घेणार तर कुणाला? आत जोडलेल्या यंत्रांची नावे होती. दुकानाच्या नेटवर्कवर माझा फोन आणि 'काउंटर'. काउंटर हे आमच्या टॅबलेटचे नाव, मीच ठेवलेले. 'बसा जरा'वर एक फोन होता. म्हणजे चोराने बशी घरी नेली, वायर जोडली, आमच्या काउंटरवर बघितलेला गिऱ्हाइकांचा पासवर्ड टाकला, चालली, आणि तो खुशाल झाला. बशीच्या मागे एक बारीक भोक असते, त्यात टाचणी दाबून धरली की ती सगळे विसरते. ते त्याला ठाऊकच नव्हते. माझ्या जावयांनी चोरली असती तर टाचणी त्यांनी आधी लावली असती. मी जिन्यातच हसायला लागले. चोर माहितगार नव्हता, अडाणी होता.

तेवढ्यात समोरचे दार उघडले आणि जज्जसाहेब बाहेर आले, घरच्या पायजम्यात, हातात दुधाची पिशवी. त्यांनी तिथे खोली घेतल्याचे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. मी फोन पदराखाली घेतला.

ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथे?"

मी म्हटले, "गुडघ्यांसाठी आले होते. डॉक्टर म्हणाले जिने चढा."

"बरं, बरं. आणि जावयाचं काय झालं? मी तर पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"तुमचा निकाल कधी चुकलाय का, भावजी," मी म्हटले. चोराच्या उलट्या बोंबा हे मी आयुष्यभर बोलत आले, प्रत्यक्ष ऐकल्या आज. दाराच्या फटीतून मला खुंटीवरचा लांब कोट दिसला. कॉलरला आमच्या दुकानाची कापडी चिठ्ठी तशीच होती. कोट चोरला, पण चिठ्ठी काढायचे कष्टही घेतले नाहीत त्या माणसाने.

खाली येऊन मी जावयांना फोन केला. म्हटले, "बशी सापडली, मी आत आहे, म्हणजे बशीच्या आत आहे. नाव बदलून 'चोर सापडला' करू का? त्याच्या फोनवर झळकेल." ते म्हणाले, "आई, नको. काही बदलू नका. जे दिसतंय त्याचा स्क्रीनवरून फोटो घ्या आणि तडक ठाण्यात जा." फोटो मी आधीच घेतले होते, सात. मग ते म्हणाले, "बाबांना माहीत आहे?" मी म्हटले, "कळेल." फोन ठेवल्यावर मी गल्लीत उभी राहून रडले, एकदाच, आणि रिक्षा केली.

त्यानंतर पोलिसांबरोबर मी त्या खोलीवर गेले. तिथे मिळालेली बशी, ठोकळा, टॅबलेट आणि कोट मला दाखवण्यात आला. या सर्व वस्तू आमच्याच आहेत. तिथेच आमच्या दुकानाची एक चावी मिळाली. तिला आमच्याच कपड्यांची नंबराची चिठ्ठी बांधलेली असून तीवर यजमानांचे अक्षर आहे. तक्रारीत यजमानांनी लिहून दिले होते की चाव्या दोनच, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. ते खोटे बोलले नाहीत. मित्राला दिलेली चावी त्यांनी मोजलीच नव्हती, कारण तो त्यांना परका वाटत नव्हता. जावई मात्र वाटले.

जज्जसाहेबांनी हे का केले ते त्यांचे त्यांनी सांगावे. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. जावयांविरुद्ध कुणाचीच तक्रार राहिलेली नाही. यजमानांना आणि जावयांना ठाण्यात बोलावले असून दोघे बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसले आहेत. मधे तीन माणसे मावतील.

हा जबाब मी सांगितला तसा टाइप केला आहे. तो मॅडमनी मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून तो दार सताड उघडे ठेवून, बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला. भिंतीकडे तोंड करून उभे राहिल्याचा भाग मी दोनदा वाचायला लावला. सर्व बरोबर आहे.

सही करण्यापूर्वी एवढे वाढवले: वाचून होताच यजमान उठले. दुकानाला नवे कुलूप लावले आहे, त्याची चावी त्यांनी खिशातून काढली आणि जावयांपुढे धरली. तोंडाने माफी मागणे त्यांना जमत नाही. जावई म्हणाले, "तुमच्याकडेच ठेवा, बाबा. बसवणाऱ्याकडे चावी असू नये." यजमान चावी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारले, "बशी परत कधी बसवायची?" जावई म्हणाले, "उद्या." हेही मला वाचून दाखवले, तेही बरोबर आहे, आणि आता मला सोडावे, मुलीला फोन करायचा आहे.