दाराबाहेरची दोन मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गणिताच्या बाई, त्यांचे कुटुंबीय, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो,

बाईंविषयी चार चांगले शब्द बोलावेत, असा मला आदेश आहे. बोलेन. पण आधी खरं सांगतो, सतरा वर्षं मी या बाईंवर जळत आलो. हसू नका, अध्यक्षमहाराज. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवूडची एक भिंत. पलीकडून खळखळून हसू यायचं, तेही गणिताच्या तासाला! इकडे माझ्या इतिहासात लढाई पेटलेली आणि वर्ग चिडीचूप. त्याला मी शिस्त म्हणत असे.

घंटा झाली तरी बाई दोन मिनिटं दाराबाहेर थांबायच्या, कडीवर हात ठेवून. यजमान अंथरुणाला खिळलेले, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी कोणीतरी निनावी तक्रार केली. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला आणि सभेत वाचून दाखवला. बाईंनी लिहिलं होतं, ‘घरचा चेहरा बाहेर ठेवून आत जाते. तसाच नेला तर मुलं फळा सोडून माझं तोंड वाचत बसतात.’

मी मनात म्हटलं, नाटकं!

त्याच वर्षी माझी लेक माझ्याच वर्गात होती. एकदा जेवताना म्हणाली, “बाबा, मला शेजारच्या तुकडीत जायचंय.”

“का गं?”

“तुम्ही टेबलावर पिशवी आपटलीत की आम्ही त्या दिवशी शंकाच विचारत नाही.”

“रोज आपटतो का मी?”

“गेल्या सोमवारी नव्हती आपटली.”

गेल्या सोमवारी मी रजेवर होतो.

गेली ती. मग भिंतीपलीकडच्या हसण्यात मला तिचं हसू वेगळं ओळखू यायचं. घरी ती तशी कधी हसली नव्हती. पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला विचारा.

आज तीही शिक्षिका आहे. परवा तिच्या शाळेत गेलो, तर बाईसाहेब दाराबाहेर, कडीवर हात! लेक माझी आणि लकब बाईंची. अजून जळतो मी, काय करू?

असो. आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. मात्र बाई, तो निनावी अर्ज माझा होता. त्याची माफी या सगळ्यात धरू नका, ती वेगळी मागतो.