शेत वेचणारीचं

जमलेले सगळे वडीलधारे, मेधाताई, आणि दुपारच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. घरखर्चाचा हिशेब लिहिते, देवापुढे दोन ओळी पुटपुटते, एवढंच माझं लिहिणं-बोलणं. पण कविताभाभीने मघाशी मागून ढकललं. म्हणाली, "तू बोल, मैं बोलूँगी तो रो दूँगी." उभी राहिले खरी, पण शब्द सापडत नाहीयेत. थोडं थांबा माझ्यासाठी. थांबायचं कसं, हे आपण सुधाबाईंच्याच घरात शिकलो.

बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि अंबरनाथ पूर्वेला, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, बायकांना इंग्रजी शिकवायला लागल्या. दुपारी, भांडी उरकल्यावर. मी मॅट्रिक झालेली, कविताभाभी उल्हासनगरच्या कापडदुकानात वाढलेली. बाईंच्या खिडकीला पिवळा पडदा होता. ऊन त्यातून गाळून यायचं आणि सगळी खोली हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखी दिसायची. अजून डोळे मिटले की मी तिथेच बसलेली असते.

अशाच एका दुपारी बाईंनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं. ग्लीन. म्हणाल्या, "हल्ली लोक माहिती ग्लीन करतात. इथून थोडी, तिथून थोडी, हळूहळू गोळा करतात. पण पूर्वी काय गोळा करत असतील?"

 बाई उत्तर सांगायच्याच नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसायच्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याआधी लॅटिनमध्ये होता. त्याच्याही मागे कुठली तरी जुनी बोली असावी, नक्की कोणालाच माहीत नाही. पण त्या सगळ्या वाटेवर एक शेत आहे. कापणी झालेलं."

कापणी झालेलं शेत म्हटल्यावर मला माझी आई दिसली. माझं माहेर बारवी धरणाकडचं. भाताचे भारे खळ्यावर गेले की आई खाली पडलेल्या लोंब्या वेचायला जायची. एकेक लोंबी, ओटीत.

मी म्हटलं, "बाई, हा तर सरवा!"

"हां! कधीची वाट बघतेय. आता सांग, सरव्याची रीत काय?"

मी सांगितली. शेवटचा भारा उचलला की आमच्याकडे मालक त्या शेतात परत पाऊल टाकत नाही. वेचणारीवर नजर ठेवत नाही, तिला घाई करत नाही. आई म्हणायची, तेवढा वेळ शेत वेचणारीचं.

बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. मराठीतच.

मग गेल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द सांडले. कळायचं सगळं, पण चहा मागायला जायच्या आणि तोंडून 'खिडकी' यायचं. मेधाताई, तुम्ही बंगळूरहून धावत आलात. म्हणालात, "आईला बोलता येत नाही, एकटी कशी राहील? पुढच्या खेपेला तिला घेऊनच जाते." लेकीने दुसरं काय म्हणायचं? बाई मान हलवून नाही म्हणत होत्या. पण तुम्हाला वाटे, आईला प्रश्न तरी कळलाय का? बाईंना ते तोंडाने सांगायचं होतं. स्वतःच्या तोंडाने.

आम्ही आळीपाळीने त्यांच्यापाशी बसायला लागलो. आणि चुकलो. बाई 'पा' म्हणाल्या की आम्ही सगळ्या एकदम, "पाणी? पापड? पावडर?" कविताभाभी तर अख्खं वाक्य पुरं करून मोकळी! एक दिवस बाईंनी कप बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केलं. कविताभाभी रडवेली झाली. "हम तो मदद कर रहे थे ना?"

त्या संध्याकाळी शिवमंदिरात हात जोडले आणि आईचं बोलणं आठवलं. शेत वेचणारीचं. आणि आम्ही काय करत होतो? पुन्हा पुन्हा त्यात घुसत होतो.

दुसऱ्या दिवसापासून ठरलं. बाईंना कोणी शब्द द्यायचा नाही. कविताभाभी म्हणाली, "फिर मेरा मुँह बांध दो." शेवटी ती तोंडात सुपारी धरून बसायची. बाई पडद्याकडे बघायच्या. आम्ही गप्प. आणि त्या पिवळ्या उजेडात, कुठून तरी लांबून, एकेक शब्द यायचा. गूळ. पडदा. एक दिवस आला, "कविता." सुपारी पडली हो हिच्या तोंडातून!

मग मेधाताई, तुम्ही आईला न्यायला आलात. बॅग भरली, रिक्षा दारात आली. बाई म्हणाल्या, "मी..." आणि थांबल्या. मेधाताई, तुम्ही बोलायला तोंड उघडलंत आणि मी तुमच्या हातावर हात ठेवला. आठवतं? बाहेर भंगारवाला ओरडत गेला. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. पडदा फुगला, परत बसला. आम्ही थांबलो.

"मी... इथे."

तुम्ही पुढे झालात. बाईंनी हात वर केला. अजून वेचायचं होतं त्यांना.

"माझा... वर्ग."

तुम्ही बॅग खाली ठेवलीत. एवढंच म्हणालात, "बरं, आई."

बाई इथेच राहिल्या. वर्ग भरत राहिला. परवा दुपारी त्या गेल्या, त्याही त्याच खोलीत, त्याच उजेडात.

आता आपण सगळे शांत उभे राहू. किती वेळ, ते घड्याळात बघू नका. बाई शब्द शोधायच्या तेव्हा थांबायचो, तसेच थांबू. मध्ये कोणी बोलू नका.

बाई, आम्ही बांधावर उभ्या आहोत. सावकाश वेचा. तुम्हाला नमस्कार.