शलाकाचं पाचवं मत

झाकल्या नावाने । वाचावे आपुले ।
मग म्हणा भले । कोण येथे ॥

मंडळी, एक विचारतो. खरं सांगा हं — देव ऐकतोय! माणूस चोख न्याय कधी करतो? समोरच्याचं नाव ठाऊक असताना — की नाव झाकलेलं असताना?

काय म्हणता काकू? झाकलेलं असताना! वा! हे उत्तर जपून ठेवा. शेवटी परत मागणार आहे!

तर ऐका. चिपळुणात एक शलाका. मांडीवर सात महिन्यांची मनवा — आणि हातात फोन! फोनमध्ये काय? 'कुंडीतली बाग' नावाची चावडी. इंटरनेटवरची हो! एकोणीस हजार माणसं तिथे झाडांविषयी बोलतात. आणि जास्वंदीवरून भांडतात! ती भांडणं सोडवायची, शिव्या पुसायच्या, वाट चुकलेल्याला वाटेला लावायचं — हे काम शलाकाचं. मॉडरेटर म्हणतात तिला. एका हाताने लेकीला थोपटायचं, दुसऱ्या अंगठ्याने जगाला!

तिथे एक आप्पा खानविलकर. रोज सकाळी एकच प्रश्न — "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात. काय करू?" शलाका सांगायची, "आप्पा, पाणी कमी घाला." दुसऱ्या दिवशी? "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात. काय करू?" अहो, अकरा दिवस! अकराव्या दिवशी शलाका दात-ओठ खात म्हणाली, "मनू, या आजोबांना मी बाहेर काढणार!" मनू हसली. तिला काय, ती पंख्यालाही हसते!

पण एकटीने कसं काढायचं? त्यासाठी होता 'राखणदारांचा कट्टा'. चाळीस मॉडरेटरांनी आपल्या जिवाला विसावा म्हणून काढलेला. विसावा कसला! कोणी 'सुप्रभात' लिहिलं, की पाच जण पुसायला धावायचे — सवय हो! पण कट्ट्याची एक रीत फार चांगली. त्रास देणाऱ्याचं नाव झाकायचं, मत देणाऱ्याचंही झाकायचं, नुसता मजकूर ठेवायचा. पाच जण 'हाकला' म्हणाले, की ज्याची चावडी त्याने दार लावायचं.

शलाका आप्पांचं गाऱ्हाणं घेऊन गेली — तर वर आधीच एक मजकूर. मिरजेच्या वत्सलामावशींनी ठेवलेला. मावशी निवृत्त परिचारिका, नव्या आयांची चावडी चालवायच्या — 'पहिलं वर्ष'. तिथे एका पोरीने विचारलं होतं, बाळ नाचणीची पेज थुंकतं, काय करू? तिला कोणीतरी सुनावलेलं — "शंभरदा उत्तर दिलंय इथे! वाचायचा कंटाळा होता, तर आई व्हायची घाई कशाला केलीत?"

शलाकाचं रक्त उकळलं! मनवाला छातीशी घट्ट धरून तिने लिहिलं — "हाकला! आजच्या आज! असल्या माणसाला काळीज नसतं!"

मत कितवं? पाचवं! दार बंद!

तबलजी, जरा थांबा. पुढचं हळू सांगायचंय.

दुपारी मनवाने पेज थुंकली. भिंतीवर, पडद्यावर, आईच्या केसांत! शलाकाने धावत 'पहिलं वर्ष' उघडलं. बाळंतपणापासून तेच तिचं माहेर हो! पहिला ताप, पहिला दात — सगळं तिथे विचारलेलं. आणि समोर काय? "आपलं खातं बंद केलं आहे." खाली कारण. तोच मजकूर! या वेळी नावासकट!

अहो, तिचाच होता! आठवड्यापूर्वीचा. आप्पांना चौथ्यांदा उत्तर देऊन आली होती, तो राग त्या पोरीवर काढला — आणि विसरली! तुम्ही म्हणाल, बुवा, स्वतःचं वाक्य ओळखू येत नाही? नाही येत! आपल्या तोंडून निघताना ती शिवी नसतेच मुळी — ते आपलं 'स्पष्ट बोलणं' असतं!

शलाका रडली. मग नाक पुसून कट्ट्यावर लिहिलं — "मावशी, पाचवं मत माझं. आणि तो मजकूरही माझाच."

चाळीस मॉडरेटरांचे अंगठे पुसायला धावले! शेवटी एकाने लिहिलं, "हे विषयांतर आहे... पण राहू द्या."

मावशी म्हणाल्या, "पोरी, निकाल तूच दिलास. आता मी कशी मोडू? त्या मुलीला काय सांगायचंय ते लिही, मी पोचवते. दार उघडायचं की नाही, ते ती सांगेल."

शलाकाने माफी लिहिली. तासाभराने उत्तर आलं — "माफी राहू द्या ताई. बाळ अजून पेज थुंकतंय. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या."

एकशे एकावं उत्तर! आणि शलाकालाच कुठे ठाऊक होतं? तिने लिहिलं, "माझीही थुंकते गं. आत्ता माझ्या केसांत आहे." पलीकडून हसण्याचे सात चेहरे आले — आणि संध्याकाळी दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी — ओळखा! "कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात. काय करू?" शलाकाने लिहिलं, "आप्पा, पाणी कमी घाला. आणि झाडाचा फोटो दाखवा बघू."

फोटो आला. हिरवागार कढीपत्ता! पिवळं पान औषधालासुद्धा नाही!

"आप्पा! हे काय?"

"अगं पोरी, तू पहिल्या दिवशी सांगितलंस तसं केलं, झाड सुधारलं. पण 'झाड बरं आहे' म्हटलं, तर उत्तर कोण देतं?"

हसताय? हसा, हसा! पण काकू, द्या आता माझं उत्तर परत. नाव झाकलं की न्याय चोख होतो — खरं. इतका चोख होतो, की आपल्यालाच लागतो! मंडळी, आज घरी जाल. सकाळी सुनेला, सासूला, शेजाऱ्याला फोनवर काय लिहिलंत, ते काढा. नावावर अंगठा ठेवा. आणि परक्याचं म्हणून वाचा.

अहो — अहो, पहिल्या रांगेतले! फोन आत्ताच कशाला काढताय? आरती होऊ द्या की!