अर्धवट भादरलेलं कुत्रं

तुम्ही कुत्र्याचे फोटो दाखवून राह्यले म्हणून आठवलं. आमची पल्लवी नागपूरहून सेलूले आली, ते लोव्हशेन नावाच्या जातीचं कुत्रं घेऊन. मांजरीएवढा जीव. अख्ख्या विदर्भात असं दुसरं नाई म्हणे. त्याची रीत अशी, का मागचं अर्धं अंग भादरायचं आन् मानेवरची आयाळ राखायची. म्हंजे ते छोटा सिंह दिसते.

हे तिनं मले सांगितलं. बाबाले सांगायचं राह्यलं.

दुपारी ती मैत्रिणीकडं गेली. जाताना बाबाले एवढंच म्हणाली, "याले एकटं नोका सोडू, रडते."

बाबा दाढी करायले निघाले, तं त्यालेबी काखेत घेऊन गेले. न्हाव्यानं कुत्र्याले मागून पाह्यलं, समोरून पाह्यलं.

"काकाजी, हे काम अर्धवट कोनं सोडलं?"

"नागपूरवाल्यानं."

"मी पुरं करून देऊ?"

"करून टाक. चारचौघांत बरं नाई दिसत."

पल्लवी परत आली तं कुत्रं दारात नाचून राह्यलं होतं, वरून खालपर्यंत सफाचट. त्याले मांडीवर घेऊन ती ओट्यावरच रडत बसली. "बाबा, तो सिंह होता वो!"

रडणं ऐकून शेजारच्या शोभाकाकू धावत आल्या. रडती पोरगी पाह्यली, मुंडण केलेलं कुत्रं पाह्यलं, डोक्यावर पदर घेतला आन् बाबाले हळूच विचारलं, "कोण गेलं जी?"

बाबा म्हणाले, "सिंह."