सातवं कलम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले आपल्या काचकारखान्याचे व्यवस्थापक साहेब, युनियनचे नवे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सारे इथं जमलो ते आजचे सत्कारमूर्ती, आमचे अण्णा, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि भट्टीच्या धगीत ज्यांच्याबरोबर उभी हयात गेली अशा माझ्या जुन्या-नव्या सोबत्यांनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ती तीनदा बजावून सांगितली, कारण नगरपालिकेत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या हाती माईक गेला की काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. बाई, काळजी करू नका. आज मला बोलायची फारशी हौस नाही.

माझ्या आधीचे वक्ते अण्णांच्या सचोटीबद्दल जे बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. नव्या मुलांसाठी एवढंच सांगतो की अण्णा मूळचे गवंडी, भट्टीच्या आतल्या विटा रचणारे. तोंडावर आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. हे नाव मीच ठेवलं होतं आणि ते कौतुकानं ठेवलं नव्हतं. वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणजे अण्णांचा सख्खा मेहुणा, चार वर्षं बदली कामगार म्हणून राबत होता. युनियनचे अध्यक्ष म्हणून अण्णांनी एक शब्द टाकला असता तर तो कायम झाला असता. मी तसं सुचवलं, तर अण्णा म्हणाले की त्याच्या पुढं रांगेत सहा जण आहेत. विषय संपला. त्या आठवड्यात वहिनींनी घरात कुणाशी किती बोलणं ठेवलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत.

मी युनियनचा सेक्रेटरी. आमची वाटणी ठरलेली होती. अण्णांनी तत्त्व सांगायचं आणि मी त्यातून वाट काढायची. त्यांनी नाही म्हणून यायचं आणि मी मागल्या दारानं जाऊन, साहेब, ते तसे नाहीत हो, म्हणून यायचं. अशी जोडी प्रत्येक संघटनेत असते. एकाला लोक मान देतात आणि दुसऱ्याला कामं सांगतात.

अण्णांचा एक नियम मात्र माझ्याही हाताबाहेरचा होता. कुठलाही करार असो, तो गेटवर सगळ्यांसमोर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा, लोकांनी हात वर करायचे, आणि मगच अध्यक्षांनी सही करायची. अण्णांचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढं जायचा नाही, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याच्या दुकानात ऐकू जायचा. देवानं मला अक्कल थोडी कमी दिली असेल, पण घसा भरपूर दिला.

आता सत्तावीस वर्षांपूर्वीच्या संपाबद्दल. मघाशी व्यवस्थापक साहेब म्हणाले की त्या संपात अण्णांनी तत्त्व आणि व्यवहार यांचा सुरेख मेळ घातला. साहेब तेव्हा शाळेत होते, त्यांचा काही दोष नाही. पण तो मेळ कसा बसला हे या सभागृहात फक्त दोन माणसांना माहीत आहे, आणि त्यातलं एक आयुष्यभर गप्प बसलं.

काचेची भट्टी विझवता येत नाही, हे इथं कुणाला शिकवायला नको. थंड पडली की आतली काच गोठते, विटा तडकतात, आणि नवी भट्टी बांधण्यापेक्षा मालक कुलूप लावणं पसंत करतो. संपाच्या आठव्या दिवशी साहेबलोकांना आच राखता येईना. मी खूश होतो. म्हटलं, अण्णा, हेच आपलं हत्यार, दोन दिवस थांबा, मालक पळत येतो. अण्णा म्हणाले, "कारखाना मारून जिंकलेला संप कुणाच्या पोटाला घालायचा?"

कायम कामगार आत गेला असता तर संप फुटला म्हणून बोंब झाली असती. बदली कामगारांची नावं संपाच्या यादीतच नव्हती. त्यांच्यातले अकरा जण पुढं आले आणि त्यांनी पाळ्या लावून, बिनपगारी, चव्वेचाळीस दिवस ती भट्टी जिवंत ठेवली. वहिनींचा भाऊ त्यात पहिला. त्या वेळच्या व्यवस्थापकांनी अण्णांना याला तोंडी होकार दिला होता. मी म्हटलं, लेखी घ्या. अण्णांचं उत्तर असं की माणसाच्या शब्दावर विश्वास नसेल तर त्याच्याशी बोलणी तरी कशाला करायची. वर आणखी, लपूनछपून काही नको म्हणून त्यांनी त्या अकरा जणांना रोज हजेरीपटावर सही करायला लावली. इतका सरळ माणूस, की समोरच्याच्या हातात आपणहून दोरी देऊन मोकळा झाला.

बावन्नाव्या दिवशी सकाळी कराराचा मसुदा आला. नऊ कलमं होती. पगारवाढ होती, संपाच्या काळासाठी कुणावर कारवाई नाही असंही होतं. आणि सातवं कलम असं होतं की विनापरवाना भट्टीवर हजर राहिलेल्या अकरा बदली कामगारांना परत घेतलं जाणार नाही. मालकाला कुणालातरी शिक्षा केलेली दाखवायची होती आणि सह्यांनिशी यादी आयती मिळाली होती. अण्णांनी कागद टेबलावर ठेवला आणि तोंडी होकाराची आठवण दिली. व्यवस्थापक खिडकीतून बाहेर बघत राहिले.

जिन्यावर मी अण्णांशी भांडलो. म्हटलं, चारशे घरं आहेत. माझ्या गल्लीतल्या एका बाईनं शिवणयंत्र विकलंय, पॅकिंगमधल्या एकाचा मुलगा शाळेतून काढलाय. आणखी चार दिवसांत लोक एकेक करून मान खाली घालून आत जातील, मग ना पगारवाढ ना युनियन. अकरा जणांचं नंतर बघू, मी बघतो. अण्णा एवढंच म्हणाले, "गेटवर वाच. लोक काय ते ठरवतील."

मी गेटवर स्टुलावर चढलो. अण्णा माझ्या मागे उभे होते. समोर चारशे माणसं, आणि डाव्या हाताला ते अकरा जण, भट्टीवरून थेट आलेले, डोळे लाल झालेले. मी पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, सहावं वाचलं. मग आठवं वाचलं आणि त्याला सातवं म्हटलं. नववं वाचलं आणि त्याला आठवं म्हटलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. माझ्या खांद्यावर अण्णांचा हात आला. मला वाटलं, आता ते मला खाली खेचणार. तो हात तिथं थोडा वेळ राहिला आणि मग निघून गेला. समोर चारशे हात वर झाले. त्या अकरा जणांचेही झाले.

दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानं यादी बघून अकरा जणांना गेटवरच थांबवलं. हातात डबे घेऊन ते उभे राहिले आणि आपण सगळे त्यांच्या शेजारून आत गेलो. मीही गेलो. लोकांना वाटलं, गेटवर न वाचलेलं कलम अध्यक्षांनी सही करताना मागाहून मान्य केलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अध्यक्षांनी पोरांना विकलं. कुणी त्यांच्या दारावर शेण फेकलं. मेहुणा घरी येऊन बहिणीला म्हणाला की तुझ्या नवऱ्यानं मला रांगेत उभं केलं आणि रांगच विकली. अण्णांनी कुणालाही सांगितलं नाही की कलम सेक्रेटरीनं गाळलं. विचारणाऱ्याला ते एकच वाक्य सांगायचे, "सही माझी आहे."

अकरा जणांचं मी बघतो म्हणालो होतो. मी नगरपालिका बघितली. लोक म्हणायचे, व्यवहारी माणूस आहे, काम करून देतो, आणि मतं द्यायचे. अण्णा मात्र दर रविवारी सायकल घेऊन त्या अकरा घरी जायचे. कुठं दार उघडायचं, कुठं नाही. आठ जणांना त्यांनी कुठं ना कुठं चिकटवलं. दोघं आजारपणात गेले. मेहुणा दुसऱ्या शहरात भंगाराच्या गोदामात कामाला लागला, बहिणीच्या दारात त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही, आणि गेल्या वर्षी त्याचं पत्र येण्याऐवजी त्याच्या जाण्याची बातमी आली. वहिनी, त्या दिवशी मी तुमच्याकडे भेटायला आलो होतो. तुम्ही मला चहा दिलात. तो चहा मी कसा प्यालो ते मलाच माहीत.

मग हे आजच का सांगतोय? आजचं मानपत्र मी लिहिलं. नियम तो नियम, म्हणून तीन दिवसांपूर्वी ते अण्णांना पूर्ण वाचून दाखवायला गेलो. सहा परिच्छेद होते. 'बावन्न दिवसांचा संप त्यांनी यशस्वीरीत्या मिटवला' हे माझं लाडकं वाक्य. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "छान लिहिलंस. सातवं राहिलं."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, तेव्हा मला थांबवलं का नाहीत? खांद्यावर हात ठेवलाच होता. ते म्हणाले, "थांबवायलाच ठेवला होता. पण तू पुढचं कलम वाचलंस आणि मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून पचलेलं नाही."

मित्रहो, मी सगळी वर्षं असं समजत आलो की पाप माझ्या वाट्याला आलं आणि पुण्य त्यांच्या. त्यांना नावं ठेवताना मला आतून बरंही वाटायचं, की बघा, सरळपणानं अकरा जणांना बुडवलं आणि वाकडेपणानं चारशे तारले. आज तसं म्हणवत नाही. अकरा जणांनी भट्टी राखली म्हणून चारशे तरले, एवढंच खरं. आम्ही दोघांनी मिळून त्यांना बोलू दिलं नाही. त्यांना विचारलं असतं तर कदाचित ते स्वतःच म्हणाले असते की आम्हाला सोडा आणि करार करा. तसली माणसं होती ती. पण ते म्हणण्याचा हक्क त्यांचा होता.

बाईंची चिठ्ठी आलेली आहे. आभाराचं काम आताच उरकतो, पुढं जमेल असं दिसत नाही. अध्यक्ष महोदय, पाहुणे, सभागृह देणारे, खुर्च्या लावणारे, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणायची रीत आहे. जास्त झालेलं पदरात घ्या. कमी झालेल्याची माफी मी फक्त वहिनींकडे मागतो, आणि ती त्यांनी दिलीच पाहिजे असं नाही.

आता राहिलेलं वाचतो. मूळ कागद माझ्याच कपाटात होता.

"कलम सातवे. संपकाळात लेखी परवानगीशिवाय भट्टीवर हजर राहिलेल्या आणि हजेरीपटावर सही असलेल्या अकरा बदली कामगारांना कामावर परत घेतले जाणार नाही."

आपल्या प्रथेप्रमाणे, ज्यांना हे मान्य असेल त्यांनी हात वर करावा.

समोर एकही हात नाही. मला तेव्हाही असंच होईल असं वाटलं होतं, म्हणून तर वाचलं नव्हतं.

पण इथं व्यासपीठावर एक हात वर आहे. अण्णा, सही तुमची होती, मान्य. वाचणारा मी होतो. हात खाली घ्या, अण्णा.