माश्यांसाठी साखर

वादळात मधमाश्यांच्या पेट्या फुटल्या, म्हणून बदलापूर गावात मदतसभा झाली. ठरावाला अनुमोदन देऊन हिंदुराव चहा पीत उभे होते. मागे मध काढणारा नवसू आणि त्याची बहीण ठमी बोलत होती.

“फुलं झडली, ठमे. साखरपाणी नाय मिळालं तर उरल्या माशा मरतील.”

“म्हणून तर लोकांनी रेशनची साखर दिली ना, दादा?”

“अध्यक्ष म्हणाले, माशी मध करते, तिला साखर कशाला?”

“मग म्हैस दूध देते, तिची पेंड बंद करा म्हणावं!”

“सहानुभूतीचा ठराव केलाय.”

“तो पाण्यात ढवळून पाजू? साखर कुठं हाय?”

“त्या किटलीत.”

तेवढ्यात किटलीवाला पुढे आला. “हिंदुराव, गोड झालाय ना?”